तिसरा आग्रह

आमच्या वेंडलला तुरुंगात धाडायला फार काही करावं लागत नव्हतं. त्याला एखादी गोष्ट एकदाच विचारली की झालं.

आमच्याकडे दारात माणूस आला की त्याला कॉफी विचारायची. तो म्हणणार, "नको, उगाच त्रास." मग पुन्हा विचारायचं. तो म्हणणार, "आत्ताच घेऊन निघालोय." मग तिसऱ्यांदा विचारायचं, तेव्हा तो म्हणणार, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." आणि मग बसून तीन कप पिणार. पहिल्या खेपेला हो म्हणाला तर तो हावरट, आणि दोनदाच विचारून गप्प बसली तर घरची बाई कंजूष. मिनेसोटात, निदान आमच्या या उत्तरेच्या टोकाला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण वेंडलच्या नशिबी सरकारी वकील आला तो न्यू जर्सीचा, आणि त्याची स्वतःची वकीलबाई निघाली शिकागोची. या दोन शहाण्यांच्या मधे माझा नवरा एकवीस महिने आत जायच्या बेताला आला.

वेंडल ट्वेटन, माझा नवरा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. मी मायर्ना. लग्नाचं मीच विचारलं होतं, काउंटीच्या जत्रेत, आणि अर्थात तीनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे या गृहस्थाने अख्खं कणीस खाऊन संपवलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गुन्हा म्हणाल तर असा. आमचं तळं गोठलं की सगळे आपापली लाकडी खोपटी बर्फावर ओढत नेतात, आत शेगडी पेटवतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडून बसतात. तळ्यात एका जागी पाण्याखाली खडकांचा ढीग आहे. वॉलाय मासा तिथेच जमतो. त्या ढिगावर वेंडलचा बाप बसायचा, मग वेंडल बसायला लागला. बर्फावर कुणाची मालकी नसते हे खरं, पण दुसऱ्याच्या जागेवर कुणी बसत नाही. आमचा शेजारी डेल्मर ऑफस्टाड मात्र दर हिवाळ्याला आपलं खोपट थोडं थोडं अलीकडे सरकवत आला, आणि या जानेवारीत त्याने ते बरोबर ढिगावर आणून ठेवलं.

वेंडल गेला आणि म्हणाला, "यंदा जरा अलीकडे आलायस वाटतं."

डेल्मर म्हणाला, "असेन बुवा."

आमच्याकडे हे म्हणजे हातघाईवर आल्यासारखंच. घरी येऊन वेंडल दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने बर्फ पोखरायचं इंजिनाचं गिरमिट काढलं, तळ्यावर गेला आणि डेल्मरच्या खोपटाभोवती गोल भोकं पाडत सुटला. डेल्मर आत पॅनकेक करत होता. आता बर्फ एवढा जाड की त्यावरून ट्रक जातात, दहा भोकांनी काय खोपट बुडतंय? पण आवाज ऐकून डेल्मरने दार उघडलं तर दारातच वेंडल उभा, हातात गरगर फिरणारं गिरमिट.

वेंडल म्हणाला, "थंडी आहे आज."

डेल्मर म्हणाला, "वाराही आहे." आणि दार लावून घेतलं.

झालं, संपलं भांडण. ईस्टरपर्यंत दोघं कुणाच्या तरी दफनाला भेटले असते, कॉफी प्यायले असते आणि विसरले असते. पण मिनियापोलिसहून आलेल्या एका हौशी पाहुण्याने हे सगळं फोनवर टिपलं आणि शेरीफला कळवलं. शेरीफचा माणूस घरी आला. लहानपणी वेंडलच्याच बसमधून शाळेत जायचा तो. त्याने विचारलं, "काका, डेल्मर घाबरावा म्हणून केलंत का?" कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. आमच्या महाशयांनी छताकडे बघून नीट विचार केला आणि म्हणाले, "थोडा घाबरला असता तर वाईट वाटलं नसतं."

त्या पोराने पेन खाली ठेवलं. मग सुस्कारा टाकून पुन्हा उचललं.

चालू गिरमिट हे कायद्याने धोकादायक हत्यार निघालं. हत्यार दाखवून माणसाला घाबरवणं म्हणजे हल्ला, नुसता साधा नाही, गंभीर. हे आम्हाला सांगितलं पेलेग्रिनोने, म्हणजे त्या सरकारी वकिलाने. आमच्या गावात येऊन त्याला वर्ष झालं नव्हतं आणि जानेवारीत पातळ चामड्याचे बूट घालून हिंडायचा. माणूस वाईट नव्हता. उलट त्यानेच पहिल्यांदा तडजोड सुचवली: साध्या दांडगाईचा गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि घरी जा. आमची वकीलबाई रेनाटा हा निरोप घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. मी नेमकी तेव्हा बटाटे आणायला तळघरात उतरले होते. वर आले तर बाई निघून गेलेली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"सोडतो म्हणतायत."

"मग?"

"मी नको म्हटलं. सरकारला कशाला उगाच त्रास."

"ती काय म्हणाली?"

"नक्की का, म्हणाली. मी म्हटलं नक्की, त्यांना इतर कामं असतील."

"म्हणजे दोनदा झालं."

"दोनदा झालं."

"मग आता येईल तिचा फोन," मी म्हटलं आणि बटाटे सोलायला बसले. मीही. खोटं कशाला बोलू, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही दोघं फोनशेजारी बसून राहिलो, एवढंच की फोनकडे बघत नव्हतो. आठवडा गेला तेव्हा मीच रेनाटाला फोन केला. ती म्हणाली, "तुमच्या नवऱ्याने स्पष्ट नकार दिला ना? मुदत गेली त्याची."

मी फोन ठेवला. वेंडल म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारलंच नाही गं त्यांनी." रागाने नाही, नवल वाटून म्हणाला. न्यू जर्सीत लोक उपाशी कसे मरत नाहीत हेच त्याला कळेना.

मग खटला चालवायचा की गुन्हा कबूल करायचा, असा प्रश्न आला. खटला चालवायचा तर बारा माणसं ज्युरीत बसवावी लागतात. वेंडल म्हणाला, "एवढ्या लोकांनी कामधंदा सोडून माझ्यासाठी बसायचं, बरं दिसत नाही ते." आणि त्याने गुन्हा जसाच्या तसा, गंभीर तो, कबूल करून टाकला. कुणी दबाव आणला का, असं जजबाईंनी विचारलं, तर म्हणतो, "छे, सगळे फार चांगले वागले."

रेनाटाने दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर एक तक्ता पसरला. उभ्या बाजूला गुन्हे, आडव्या बाजूला माणसाचे आधीचे उद्योग, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत महिने. वेंडलचे आधीचे उद्योग शून्य. तरी हत्यारामुळे त्याच्या चौकटीत तुरुंग होता आणि आकडा होता एकवीस.

"हा तक्ता कशाला?" मी म्हटलं. "जजबाईंना डोकं नाही का?"

"असतं. पण एकाच गुन्ह्याला एक जज सहा महिने देणार आणि दुसरा सहा वर्षं, असं होऊ नये म्हणून तक्ता. चौकटीबाहेर जाता येतं, मायर्नाबाई. पण ठोस, टाळताच येणार नाही असं कारण लागतं. दया आली, वय झालंय, एवढ्यावर भागत नाही. हा माणूस त्या चौकटीतल्या इतर माणसांपेक्षा वेगळा आहे, बाहेर ठेवला तर इतरांपेक्षा जास्त चांगला वागेल, हे दाखवावं लागतं. आणि जजने ते बोलून दाखवायचं, लिहून द्यायचं. वरच्या कोर्टाला पटलं नाही तर ते पुसून टाकतात."

"मी आहे ना कारण. याला गुडघा आहे, साखर आहे, मला आमच्या दारातला बर्फ एकटीने निघत नाही."

रेनाटा खाली बघायला लागली. "बायको हे कारण चालत नाही. नोकरी, शिक्षण, लग्न, घरदार यातलं काहीच चालत नाही. नाहीतर ज्याचं घर सुखी तो सुटेल आणि ज्याचं नाही तो आत जाईल."

ते मला पटलंही, म्हणूनच जास्त राग आला. चव्वेचाळीस वर्षं या माणसाला मी उभा धरला, त्याने भाजताना कोळसा केलेले पाव खरवडले, त्याच्या आईला न्हाऊ घातलं, आणि सरकारदरबारी मी कारण म्हणून लागू होत नाही. त्या रात्री मी भांडी जरा जोरातच घासली.

रेनाटाला हवी होती साक्ष. गावातल्या चार माणसांनी उभं राहून सांगायचं की वेंडल हा विशेष माणूस आहे. विशेष, असामान्य, लाखात एक. हे ऐकून मला हसू आलं. आमच्या गावात विशेष कुणी नसतो. कुणाच्या पोराला राज्यात पहिला नंबर मिळाला तर आम्ही म्हणतो, "वाया नाही गेला." रेनाटा पास्टरकडे गेली. ते म्हणाले, "वेंडल? ठीक आहे तो. मागच्या बाकावर बसतो." ती शाळेत गेली. तिथे म्हणाले, "बस चालवायचा. चालायची बस." बिचारी परत आली आणि आमच्या टेबलावर डोकं टेकून बसली.

"यांना तो आवडत नाही का?" ती म्हणाली.

"अहो, ही स्तुती झाली," मी म्हटलं. "पास्टर माझ्याबद्दल एवढंही बोलले नसते."

ती म्हणाली, ते राहू दे, पण शेवटी जजबाई वेंडलला विचारतील. बाहेर ठेवायचं, म्हणजे प्रोबेशनवर ठेवायचं, ठरलं तर त्याला ते मान्य आहे का, असं. आमच्या राज्यात माणसाला प्रोबेशन नाकारून तुरुंग मागून घेता येतो. काही जण घेतातही, पाच वर्षं कुणाच्या देखरेखीखाली वागण्यापेक्षा दीड वर्ष आत बसलेलं परवडलं म्हणतात. "तेव्हा," रेनाटा बोट रोखून म्हणाली, "विचारलं की हो म्हणायचं. लगेच."

वेंडलचे कान लाल झाले.

मग आमची तालीम सुरू झाली. मी शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्या केल्या होत्या, वर चॉकलेट. ताट पुढे केलं. "वडी घेतोस?"

"नको, उगाच."

"वेंडल."

"हो हो, कळलं. पुन्हा विचार."

"वडी घेतोस?"

"ह—" एवढं बोलून तो थांबला. घाम आला त्याला. "एवढ्या छान रचल्यायत, कशाला मोडायच्या."

"तुरुंगात जाशील, गाढवा."

"माहितीये गं. पण तोंड उघडलं की आई दिसते मला समोर. 'वखवखल्यासारखं करू नकोस' म्हणत."

शेवटी रविवारी दुपारी त्याने एकदा म्हटलं, "हो." डोळे मिटून, दोन्ही हातांनी टेबल धरून. आणि वडी घेतली ती पानात तशीच ठेवली. मी गॅरेजमध्ये जाऊन थोडं रडले. मला भीती वाटत होती, उघड सांगते. घर मोठं नाही आमचं, पण एकटीला फार मोठं आहे.

सुनावणीच्या दिवशी मी वड्यांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसले. कोर्टाच्या शिपायाला विचारलं, त्याने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा दोन घेतल्या. मला जरा धीर आला. जजबाई हाउगेन वर येऊन बसल्या. त्यांचे वडील तळ्याकाठी गळाला लावायचे मासे विकायचे, बाई टोपल्यांच्या मधेच वाढलेल्या. पण कोर्टात त्या माहेरच्यासारखं बघत नाहीत कुणाकडे.

पास्टर उठले. रेनाटाने विचारलं, "वेंडल कसा माणूस आहे?" पास्टर बराच वेळ विचार करून म्हणाले, "बरा आहे." मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली, पास्टर फारच बोलले म्हणून. पेलेग्रिनो मात्र उठला आणि शांतपणे म्हणाला, "न्यायमूर्तींनी नोंद घ्यावी. यांचाच साक्षीदार सांगतोय की माणूस नुसता बरा आहे. कायद्याला बरा चालत नाही. विशेष लागतो."

कायदा बघता तो चूक बोलत नव्हता, हीच तर पंचाईत.

मग डेल्मर. ज्याच्यावर हल्ला झाला तो हा. कोट घालून आला होता, लग्नातला, बटणं लागत नव्हती. त्याने वेंडलकडे बघितलं नाही, वेंडलने त्याच्याकडे बघितलं नाही. पेलेग्रिनोने विचारलं, "त्या सकाळी तुम्ही घाबरलात का?"

"पॅनकेक करपला," डेल्मर म्हणाला.

"घाबरलात का?"

"जरा दचकलो असेन."

"यांना माफ केलंत का?"

डेल्मरला हा प्रश्न फारच उघडावाघडा वाटला. तो घसा खाकरत राहिला. "तसं काही बोलणं झालं नाही आमचं," तो म्हणाला. पेलेग्रिनो समाधानाने खाली बसला. 

जजबाई पुढे वाकल्या. "डेल्मर, पुढच्या हिवाळ्यात खोपट कुठे लावणार?"

डेल्मरने टोपी हातात फिरवली. मग आपल्या टोपीला विचारल्यासारखं म्हणाला, "मी पलीकडच्या काठाकडे जावं म्हणतो."

"आणि खडकांच्या ढिगावर?"

"तिथे वेंडल बसेल. त्याचीच जागा ती. आणि... त्याने भोकं पाडली ना, तर पश्चिमेच्या भोकाला फार चांगला मासा लागला. तेही त्याला सांगायचं राहिलं."

 माझ्या मागे बसलेल्या पास्टरांच्या बायकोने चक्क माझा खांदा धरला. खडकांचा ढीग सोडला, आणि कुठल्या भोकाला मासा लागतो ते चार लोकांत सांगितलं. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाला हे मरतानासुद्धा सांगत नाही. पेलेग्रिनो कागद चाळत बसला होता. त्याच्या लेखी मासळीच्या गप्पा चालल्या होत्या.

जजबाई बोलू लागल्या तशी स्टेनोबाईची बोटं चालू लागली. "हे सेंट पॉलच्या वरच्या कोर्टासाठी सांगते, कारण तिथे वाचणारे आमच्या तळ्यावरचे नसतील. तक्ता मला मान्य आहे. चौकटीबाहेर पाऊल टाकायचं तर कारण सांगावं लागतं, आणि आरोपी म्हातारा आहे किंवा त्याची बायको पहिल्या बाकावर डबा घेऊन बसली आहे ही कारणं नव्हेत." मी डबा बाकाखाली सरकवला. "माझी कारणं अशी. या माणसाने पहिल्या प्रश्नालाच खरं सांगितलं, स्वतःचं नुकसान होईल असं. बारा लोकांना त्रास नको म्हणून गुन्हा कबूल केला. आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याने त्याला या तळ्यावरची सगळ्यात चांगली जागा आपण होऊन परत दिली. इथे नोकरीला लागल्यापासून असं मी बघितलेलं नाही. या चौकटीतला नेहमीचा माणूस असा नसतो. म्हणून एकवीस महिन्यांची शिक्षा मी तूर्त टांगून ठेवते, नीट वागलात तर भोगावी लागणार नाही, आणि पाच वर्षं प्रोबेशन देते. गिरमिटाला हात लावायचा नाही. मिस्टर ट्वेटन, हे तुम्हाला मान्य आहे का?"

वेंडल उठला. मी मनातल्या मनात म्हटलं, हो म्हण, हो म्हण, वडी समजून हो म्हण.

"जजबाई," वेंडल म्हणाला, "तुम्हाला एवढं सगळं लिहून काढावं लागेल. राहू दे, माझ्यासाठी नका त्रास घेऊ."

रेनाटाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पेलेग्रिनो ताडकन उठला. "आरोपीने प्रोबेशन नाकारलं आहे. तो त्याचा हक्क आहे. तुरुंगाची शिक्षा लागू व्हावी."

"बसा, मिस्टर पेलेग्रिनो. मी एकदाच विचारलंय." जजबाई वेंडलकडे वळल्या. "त्रास काही नाही. लिहायचं ते लिहून झालंय. मान्य आहे का?"

वेंडल घामाघूम झाला होता. ओठ हलले. "ते... एखाद्या गरजवंताला दिलं असतं तर," तो म्हणाला.

मला त्याक्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला, आणि वाटलं तेही बरोबर होतं.

जजबाईंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात पेलेग्रिनो म्हणाला, "माझी हरकत आहे. दोन स्पष्ट नकार नोंदीत आहेत. कोर्टाला माणसाची मनधरणी करता येत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर होकार त्याचा नाही, न्यायमूर्तींचा होईल."

जजबाई थांबल्या. चष्मा काढला. मी त्यांना त्यांच्या लहानपणापासून ओळखते, हरल्या की त्या चष्मा काढतात. "हरकत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा विचारू शकत नाही." सगळं कोर्ट वेंडलकडे बघत होतं आणि वेंडल जजबाईंकडे, तिसऱ्या आग्रहाची वाट बघत. तो आग्रह आता येणारच नव्हता, हे त्याला कळत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मग जजबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. "मी जरा पाणी पिते," त्या म्हणाल्या. "स्टेनोबाई, बोटं मोकळी करा. पाणी पिताना मला कमी ऐकू येतं." आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मी उठले. चव्वेचाळीस वर्षांत मी या माणसाकडे सरळ काही मागितलं नव्हतं. कॉफी हवी असली तर म्हणायचे, "कुणी करणार असेल तर." बर्फ काढायचा असला तर म्हणायचे, "आज बराच पडलाय." मीही त्यातलीच.

"वेंडल," मी म्हटलं, "मला घर एकटीला नकोय. मला भीती वाटते. घरी येतोस का? एकदाच विचारतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं. आई त्याला दिसली असणार समोर, वखवखू नकोस म्हणत. त्याने तिच्या पलीकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला.

जजबाईंचं पाणी तेव्हाच पिऊन झालं. खुर्ची फिरली, चष्मा चढला, स्टेनोबाईने बोटं ठेवली. "मिस्टर ट्वेटन, तुम्ही काही बोलत होतात वाटतं. मी तर काही विचारलेलं नाही."

"हो," वेंडल म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मान्य आहे मला. मला हवंय ते. घरी जायचंय."

मागे कुणीतरी खोकलं. एवढा हावरटपणा चारचौघांत आमच्या गावाने पूर्वी बघितला नव्हता. माझे कान तापले होते, आणि मी आयुष्यात एवढी खूश कधी नव्हते.

बाहेर जिन्यापाशी डेल्मर वेंडलला म्हणाला, "ऊन आहे आज." वेंडल म्हणाला, "हो, बर्फ सुटेल आता." आणि दोघं एकाच दिशेने चालायला लागले. मी डबा घेऊन मागे राहिले, कारण पेलेग्रिनो माझ्याकडे येत होता. पोराने हात पुढे केला, म्हणाला की त्याच्या मनात काही वैयक्तिक नव्हतं, आणि निकाल वरच्या कोर्टात नेण्यासारखं त्याला काही दिसत नाही. चांगलं बोलला. पातळ बुटांतून त्याचे पाय ओले झालेले दिसत होते आणि सकाळपासून त्याने काही खाल्लं नसावं.

मी डब्याचं झाकण उघडलं. शेंगदाण्याच्या लोण्याच्या, वर चॉकलेट, अजून दहा-बारा होत्या.

"वडी घ्या," मी म्हटलं.

वर्षभरात पोरगं थोडं तरी शिकलं होतं. वड्यांकडे बघत, आवंढा गिळत, अगदी आमच्यासारखं म्हणालं, "नको, उगाच त्रास."

"बरं," मी म्हटलं आणि झाकण लावलं.